ज्वारी-सुदान गवत संकर

ज्वारी-सुदान गवत संकर हे ज्वारी (सॉर्घम बायकलर) आणि सुदान गवत (सॉर्घम ड्रमंडाय) यांच्या संकरातून तयार केलेले, प्रामुख्याने जनावरांच्या चाऱ्यासाठी घेतले जाणारे तृणवर्गीय पीक आहे. ज्वारीची जोमदार वाढ आणि सुदान गवताची कापणीनंतर पुन्हा फुटण्याची क्षमता हे दोन्ही गुण या संकरात एकत्र येतात. त्यामुळे एकदा पेरलेल्या पिकापासून एकाच हंगामात दोन ते चार कापण्या मिळू शकतात. हिरवा चारा, चराई, वाळलेला चारा आणि मुरघास अशा चारही प्रकारे त्याचा वापर होतो. अमेरिकेची संयुक्त संस्थाने, ऑस्ट्रेलिया, अर्जेंटिना, भारत, पाकिस्तान इत्यादी देशांतील उष्ण व कमी पावसाच्या प्रदेशांत हे पीक घेतले जाते. भारतात त्याचा समावेश सामान्यतः ‘बहुकापणी चारा ज्वारी’ या गटात केला जातो. कोवळ्या अवस्थेत या पिकापासून जनावरांना सायनाइडची विषबाधा होऊ शकते. त्यामुळे कापणीची योग्य वेळ साधणे हा त्याच्या लागवडीतील सर्वांत महत्त्वाचा भाग मानला जातो.

वर्गीकरण व नावे

ज्वारी आणि सुदान गवत या दोन्ही वनस्पती पोएसी कुलातील सॉर्घम प्रजातीत येतात. दोहोंत गुणसूत्रांची संख्या २० असल्याने त्यांचा संकर सहज होतो आणि संकरित झाडे जननक्षम असतात. सुदान गवत हे स्वतःही लागवडीची ज्वारी आणि आफ्रिकेतील रानटी ज्वारी यांच्या नैसर्गिक संकरातून उद्भवले असावे, असे वनस्पतिशास्त्रज्ञ मानतात. याच प्रजातीतील जॉन्सन गवत (सॉर्घम हॅलेपेन्से) मात्र वेगळे आहे. त्यात ४० गुणसूत्रे असतात, ते जमिनीखालील खोडांनी पसरते आणि जगातील अत्यंत त्रासदायक तणांमध्ये त्याची गणना होते.

महाराष्ट्रात चाऱ्यासाठी दाट पेरून हिरव्या अवस्थेत कापल्या जाणाऱ्या ज्वारीला ‘कडवळ’ आणि धान्य काढून घेतल्यावर उरणाऱ्या वाळलेल्या ताटांना ‘कडबा’ म्हणतात. ज्वारी-सुदान गवत संकराचा वापर कडवळाप्रमाणे होतो. मात्र पारंपरिक कडवळ बहुधा एकदाच कापले जाते, तर हा संकर पुनःपुन्हा कापता येतो.

इतिहास

अमेरिकी कृषी खात्यातील गवततज्ज्ञ चार्ल्स व्हँकुव्हर पायपर यांनी १९०९ मध्ये सुदानमधील खार्टूम येथून सुदान गवताचे बियाणे मिळवले. टेक्सास राज्यातील चिलिकोथी येथील केंद्रावर त्याची चाचणी झाली. कोरड्या मैदानी प्रदेशात तग धरणारे गवत म्हणून त्याचा प्रसार झपाट्याने झाला. ज्वारीपेक्षा त्याचे खोड बारीक असल्याने ते लवकर वाळत असे आणि जनावरे ते आवडीने खात.

ज्वारीच्या फुलात पुंकेसर व स्त्रीकेसर एकत्र असल्याने ती मुख्यतः स्वपरागित असते. प्रत्येक फुलातील परागकोश हाताने काढून मोठ्या प्रमाणावर संकरित बियाणे तयार करणे व्यवहार्य नव्हते. १९५४ मध्ये जे. सी. स्टीफन्स आणि आर. एफ. हॉलंड यांनी ज्वारीतील कोशिकाद्रव्यी नरवंध्यत्वाचे वर्णन प्रसिद्ध केले. ‘मिलो’ प्रकारच्या ज्वारीचे कोशिकाद्रव्य आणि ‘काफिर’ प्रकारच्या ज्वारीचे केंद्रक एकत्र आल्यास झाडात कार्यक्षम पराग तयार होत नाहीत, हे त्यातून स्पष्ट झाले. या शोधामुळे प्रथम धान्याच्या संकरित ज्वारीचे आणि त्यानंतर ज्वारी-सुदान गवत संकराचे व्यापारी बीजोत्पादन शक्य झाले. भारतात १९६४ मध्ये सीएसएच-१ हा धान्य ज्वारीचा पहिला संकरित वाण प्रसारित झाला. पुढे चारा ज्वारीच्या पैदाशीतही याच पद्धतीचा उपयोग झाला.

बीजोत्पादन

संकरित बियाण्यासाठी नरवंध्य ज्वारीच्या ओळी मादी म्हणून आणि सुदान गवताच्या किंवा तत्सम चारा वाणाच्या ओळी नर म्हणून शेजारी शेजारी पेरल्या जातात. वाऱ्याने वाहून आलेल्या परागांमुळे मादी झाडांवर जे बी धरते, ते संकरित बियाणे होय. मादी वाण बुटका व भरघोस कणसाचा असल्याने बियाण्याचे उत्पादन चांगले येते. हेच बी पेरल्यावर उगवणारे झाड मात्र उंच, पालेदार आणि भरपूर फुटवे असलेले असते.

पहिल्या पिढीतील हा संकरित जोम पुढील पिढीत टिकत नाही. संकरित पिकाचे बी राखून पेरल्यास उंची, फुटवे व पक्वता यांत विषमता येते आणि उत्पादन घटते. त्यामुळे शेतकऱ्याला दर हंगामात नवे बियाणे घ्यावे लागते. याउलट सुदान गवत व ज्वारी यांच्या संकरानंतर अनेक पिढ्या निवड करून स्थिर केलेल्या सरळ वाणांचे बी घरी राखता येते.

बीजोत्पादनाचे क्षेत्र इतर ज्वारीपासून पुरेसे दूर ठेवावे लागते. जवळपास जॉन्सन गवत असल्यास त्याचा पराग मिसळून बियाण्यात तणासारखी झाडे येण्याचा धोका असतो.

वनस्पतीची वैशिष्ट्ये

हे वर्षायू पीक असून वाढू दिल्यास साधारण दोन ते तीन मीटर उंच होते. खोड ज्वारीपेक्षा बारीक परंतु सुदान गवतापेक्षा जाड असते. पाने लांब व अरुंद असून त्यांवर मेणाचा पातळ थर असतो. मुळे तंतुमय, दाट आणि खोलवर जाणारी असतात. मक्याप्रमाणेच ही सी-४ प्रकाशसंश्लेषण करणारी वनस्पती असल्याने कडक उन्हात व जास्त तापमानात तिची वाढ वेगाने होते. पाण्याचा ताण पडल्यास पाने गुंडाळली जातात, वाढ थांबते आणि पाऊस किंवा पाणी मिळताच ती पुन्हा सुरू होते. ताणाच्या काळात मका वाळून जाऊ शकतो, तर हे पीक तग धरते. दुष्काळी भागात त्याला महत्त्व येण्याचे हेच प्रमुख कारण आहे.

कापणीनंतर नवे फुटवे दोन ठिकाणांहून येतात: बुडख्याशी असलेल्या डोळ्यांपासून आणि शिल्लक राहिलेल्या खोडाच्या पेरांवरील डोळ्यांपासून. म्हणून जमिनीलगत कापणी केल्यास पुढील फूट विरळ व उशिरा येते.

प्रकार

या पिकाचे पुढील विशेष प्रकार प्रचलित आहेत.

तपकिरी मध्यशीर असलेले संकर: यांच्या पानाची मध्यशीर तपकिरी रंगाची असते. या गुणाला कारणीभूत जनुकीय बदलांमुळे वनस्पतीतील लिग्निन कमी होते. लिग्निन हा पेशीभित्तिकेतील काष्ठमय पदार्थ जनावरांना पचत नाही आणि इतर तंतूंच्या पचनातही अडथळा आणतो. त्यामुळे अशा संकरांची पचनीयता अधिक असते. ज्वारीतील हे बदल अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठातील संशोधकांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केले. त्यांपैकी बीएमआर-६ आणि बीएमआर-१२ हे बदल चारा पैदाशीत अधिक वापरले गेले. लिग्निन कमी असल्याने काही वाणांचे खोड कमकुवत राहून पीक लोळण्याची शक्यता वाढते.

प्रकाशावधी-संवेदनशील संकर: दिवसाची लांबी सुमारे साडेबारा तासांपेक्षा कमी होईपर्यंत हे संकर फुलोऱ्यावर येत नाहीत. त्यामुळे ते दीर्घकाळ पालेदार राहतात आणि कापणीसाठी अधिक दिवस उपलब्ध होतात.

गोड खोडाचे प्रकार: यांच्या खोडात साखरेचे प्रमाण जास्त असते. जनावरे हा चारा आवडीने खातात आणि मुरघास आंबण्याची क्रियाही चांगली होते.

हवामान व जमीन

उगवणीसाठी जमिनीचे तापमान किमान १६ अंश सेल्सिअस असावे लागते. वाढीसाठी २५ ते ३५ अंश तापमान अनुकूल असते. थंडीत वाढ मंदावते व कडाक्याच्या दहिवराने पीक मरते. मध्यम ते भारी, निचऱ्याची जमीन चांगली. हलक्या जमिनीतही हे पीक येते, परंतु कापण्यांची संख्या कमी होते. काहीशी क्षारता ते सहन करते. रोपावस्थेत पाणी साचणे मात्र त्याला मानवत नाही.

लागवड

महाराष्ट्रात खरिपाची पेरणी पावसाळ्याच्या आरंभी, जून-जुलैमध्ये होते. पाण्याची सोय असल्यास उन्हाळी हंगामासाठी फेब्रुवारी-मार्चमध्ये पेरणी करतात. रब्बीतील थंडीमुळे फूट मंद होत असल्याने बहुकापणीसाठी हा हंगाम तितकासा सोयीचा नसतो.

जमिनीची एक नांगरट व दोन-तीन कुळवाच्या पाळ्या देऊन शेणखत मिसळतात. दोन ओळींत २५ ते ३० सेंटिमीटर अंतर ठेवून पाभरीने पेरणी करतात. बियाण्याचे प्रमाण हेक्टरी २५ ते ४० किलो असते. बी ३ ते ४ सेंटिमीटरपेक्षा खोल पडू नये. दाट पेरणीमुळे ताटे बारीक राहतात व चारा मऊ होतो. अति दाट पेरणीत मात्र खोड कमजोर होऊन पीक लोळते.

नत्राची मात्रा एकदम न देता पेरणीच्या वेळी आणि प्रत्येक कापणीनंतर विभागून देतात. कापणीनंतरच्या फुटीसाठी झाड मुळे व बुडख्यातील अन्नसाठा वापरते. त्यामुळे कापणीपाठोपाठ पाणी व नत्र मिळाल्यास फूट जोमदार येते. एकाच वेळी अतिरिक्त नत्र दिल्यास, विशेषतः पाण्याचा ताण असताना, चाऱ्यातील नायट्रेट व सायनाइडजन्य घटक दोन्ही वाढतात. उन्हाळ्यात जमिनीच्या मगदुरानुसार ८ ते १२ दिवसांनी पाणी देतात. पहिला महिनाभर तण काढणे आवश्यक असते. त्यानंतर पीक जमीन झाकून टाकते.

चवळी किंवा गवार यांसारखे द्विदल चारापीक मिश्र किंवा आंतरपीक म्हणून घेतल्यास चाऱ्यातील प्रथिने वाढतात. मात्र चवळी पहिल्या कापणीनंतर बहुधा पुन्हा फुटत नाही, त्यामुळे हा लाभ मुख्यतः पहिल्या कापणीपुरताच मिळतो.

कापणी व चराई

पहिली कापणी पेरणीनंतर ५० ते ६० दिवसांनी आणि त्यापुढील कापण्या ३५ ते ४५ दिवसांच्या अंतराने करतात. कापताना जमिनीपासून सुमारे १५ सेंटिमीटर बुडखा ठेवतात, जेणेकरून किमान दोन पेरे शिल्लक राहतील. चांगले व्यवस्थापन व पाणी असल्यास सर्व कापण्या मिळून हेक्टरी ६० ते ८० टन हिरवा चारा मिळू शकतो.

कापणीच्या वेळेबाबत दोन परस्परविरोधी गोष्टी सांभाळाव्या लागतात. पीक जितके कोवळे, तितकी प्रथिने व पचनीयता अधिक असते, पण विषबाधेचा धोकाही अधिक असतो. पीक जितके जून, तितके वजन अधिक भरते, पण चारा निबर होतो. कणीस पोटरीत असतानाची अवस्था या दृष्टीने मध्यममार्ग मानली जाते.

लहान गोठ्यासाठी क्षेत्राचे नियोजन टप्प्याटप्प्याने करतात. उदाहरणार्थ, दोन दुभत्या जनावरांना प्रत्येकी २५ किलो हिरवा चारा द्यायचा असल्यास रोज ५० किलो लागतो. एका कापणीत हेक्टरी २० टन उत्पादन धरल्यास १० गुंठ्यांतून सुमारे २ टन, म्हणजे ४० दिवसांचा चारा मिळतो. क्षेत्राचे चार-पाच पट्टे करून आठ-दहा दिवसांच्या अंतराने पेरल्यास शेवटचा पट्टा संपेपर्यंत पहिला पट्टा पुन्हा कापणीस येतो. सर्व क्षेत्र एकाच दिवशी पेरल्यास सुरुवातीचा चारा फार कोवळा व शेवटचा फार निबर मिळतो.

अमेरिका व ऑस्ट्रेलियात मोठ्या कुरणांवर थेट चराई केली जाते. पीक ६० सेंटिमीटरपेक्षा उंच झाल्यावरच जनावरे सोडतात आणि कुरणाचे भाग पाडून आळीपाळीने चारतात. पीक फार उंच झाल्यावर सोडल्यास जनावरे ते खाण्यापेक्षा तुडवतात अधिक.

पोषणमूल्य

पालेदार अवस्थेत शुष्क पदार्थाच्या आधारावर कच्ची प्रथिने साधारण ८ ते १२ टक्के असतात. कणीस बाहेर पडल्यानंतर हे प्रमाण ६ ते ७ टक्क्यांपर्यंत उतरते. मक्याच्या मुरघासाच्या तुलनेत यात दाणे कमी असल्याने ऊर्जा कमी असते. वाळलेल्या कडब्यापेक्षा मात्र प्रथिने व पचनीयता जास्त असते. अधिक दूध देणाऱ्या गायी-म्हशींना केवळ या चाऱ्यावर ठेवता येत नाही. लसूणघास, बरसीम किंवा चवळीसारखा द्विदल चारा आणि खुराक यांची जोड द्यावी लागते. या चाऱ्यात सोडियम कमी असते, तसेच शरीरात सायनाइड निष्प्रभ करण्यासाठी गंधक खर्ची पडते. त्यामुळे मीठ व खनिज मिश्रण देणे उपयुक्त ठरते.

विषबाधा

सायनाइड विषबाधा

ज्वारीवर्गीय पिकांच्या हिरव्या भागांत धुरिन नावाचे संयुग असते. ते पेशीत एका ठिकाणी आणि त्याचे विघटन करणारे विकर दुसऱ्या ठिकाणी साठवलेले असते. पान चावले, तुडवले, सुकले किंवा दहिवराने पोळले की पेशी फुटून दोन्ही एकत्र येतात व हायड्रोसायनिक आम्ल (हायड्रोजन सायनाइड) मुक्त होते. रवंथ करणाऱ्या प्राण्यांच्या पोटातील सूक्ष्मजीवही हे विघटन घडवतात. म्हणून गाय, म्हैस, शेळी व मेंढी यांना इतर प्राण्यांपेक्षा धोका अधिक असतो. कोवळे ज्वारीवर्गीय पीक किंवा खोडव्याचे धुमारे खाऊन होणाऱ्या या विषबाधेला महाराष्ट्रात ‘किराळ लागणे’ असे म्हणतात.

धुरिनचे प्रमाण सुदान गवतात कमी, ज्वारीत जास्त आणि संकरात या दोहोंच्या मध्ये असते. कोवळी पाने, कापणीनंतरचे नवे धुमारे, दुष्काळात खुरटलेले पीक आणि दीर्घ खंडानंतर पाऊस पडताच आलेली फूट ही सर्वांत धोकादायक असतात. शुष्क पदार्थाच्या दर किलोमागे ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी हायड्रोसायनिक आम्ल असलेला चारा सामान्यतः सुरक्षित मानतात, तर १,००० मिलिग्रॅमच्या पुढे तो अत्यंत धोकादायक ठरतो. प्राणघातक मात्रा शरीराच्या दर किलो वजनामागे सुमारे २ मिलिग्रॅम असते. या हिशेबाने ४०० किलो वजनाच्या गायीला ८०० मिलिग्रॅम मात्रा पुरेशी होते. दर किलोमागे १,००० मिलिग्रॅम विष आणि १५ टक्के शुष्क पदार्थ असलेल्या कोवळ्या चाऱ्यात ही मात्रा सुमारे ५.३ किलो हिरव्या वजनात भरते. उपाशी जनावर एवढा चारा थोड्याच वेळात खाऊन टाकते.

सायनाइडमुळे पेशींना रक्तातील प्राणवायू वापरता येत नाही. धाप लागणे, तोंडाला फेस येणे, स्नायूंना थरथर सुटणे, झोक जाऊन कोसळणे अशी लक्षणे खाल्ल्यानंतर काही मिनिटांत दिसू लागतात आणि तासाभरात मृत्यू येऊ शकतो. रक्त व तोंडातील त्वचा चमकदार लाल दिसते. सोडियम नायट्राइट व सोडियम थायोसल्फेट यांची शिरेतून दिली जाणारी इंजेक्शने हा यावरील उपचार आहे. तो पशुवैद्यकाकडूनच आणि तातडीने व्हावा लागतो. वेळ फार थोडा असल्याने प्रतिबंधावरच भर दिला जातो:

पीक ६० सेंटिमीटरपेक्षा उंच होण्यापूर्वी कापू किंवा चारू नये. पेरणीपासून ५० दिवस पूर्ण होऊ देणे अधिक सुरक्षित असते.
पाण्याच्या ताणातील पिकाला पाणी देऊन काही दिवस वाढू द्यावे आणि मगच कापावे. लगेच आलेली कोवळी फूट खाऊ घालू नये.
जनावराला आधी कडबा किंवा इतर सुका चारा द्यावा व नंतर हा चारा थोड्या प्रमाणात सुरू करावा.
दहिवर पडलेले किंवा अर्धवट सुकलेले पीक देऊ नये.
कापणी झालेल्या शेतात, धुमारे फुटत असताना, जनावरे मोकळी सोडू नयेत.

सोडियम पिक्रेटमध्ये भिजवलेल्या कागदाने चाऱ्याची ढोबळ चाचणी करता येते. सायनाइडच्या संपर्कात पिवळा कागद विटकरी होतो. धुरिन अजिबात तयार न करणाऱ्या ज्वारीचे वर्णन ऑस्ट्रेलिया व डेन्मार्कमधील संशोधकांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केले.

नायट्रेट विषबाधा

ताणाच्या काळात झाड जमिनीतून नत्र घेते, परंतु त्याचे प्रथिनांत पूर्ण रूपांतर करू शकत नाही. त्यामुळे खोडाच्या खालच्या भागात नायट्रेट साठते. जनावराच्या पोटात त्याचे नायट्राइट होऊन रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता नष्ट होते. या विषबाधेत रक्त चॉकलेटी-तपकिरी दिसते. त्यावर मिथिलीन ब्लू वापरतात. या दोन विषांत व्यवहाराच्या दृष्टीने महत्त्वाचा फरक आहे. चारा पूर्ण वाळवल्यास सायनाइड बहुतांशी निघून जाते, परंतु नायट्रेट तसेच राहते. मुरघास केल्यास दोन्ही कमी होतात. बुडखा उंच ठेवून कापल्यास नायट्रेटचा धोका घटतो.

घोड्यांतील विकार

घोड्यांना हा चारा दीर्घकाळ दिल्यास मूत्राशयदाह व मागील पायांचा तोल जाणे असा विकार उद्भवतो. त्यामुळे घोड्यांसाठी हे पीक चराईला योग्य मानले जात नाही.

वाळवण व मुरघास

ज्वारीवर्गीय खोड रसाळ असल्याने ते सावकाश वाळते आणि पावसाळ्यात त्याला बुरशी लागते. वाळवण करायची असल्यास पीक बारीक खोडाचे असतानाच कापतात.

मुरघासासाठी चाऱ्यात ३० ते ३५ टक्के शुष्क पदार्थ असणे इष्ट असते. कापणीच्या वेळी हे प्रमाण त्याहून कमी असल्यामुळे चारा काही तास सुकवून मगच कुट्टी करतात. कुट्टी खड्ड्यात किंवा पिशवीत थराथराने दाबून हवा काढून टाकतात व वरून प्लास्टिकने हवाबंद करतात. साधारण ४५ दिवसांत मुरघास तयार होतो. चांगल्या मुरघासाला आंबटगोड वास येतो व रंग पिवळसर हिरवा असतो. काळपट, बुरशी आलेला किंवा दुर्गंधीयुक्त भाग जनावरांना देत नाहीत.

कीड व रोग

रोपावस्थेत खोडमाशी आणि पुढे खोडकिडा या प्रमुख किडी आहेत. दोन्हींमुळे पोंगा मरतो. उशिरा पेरलेल्या खरीप पिकात खोडमाशीचा उपद्रव वाढतो. अमेरिकन लष्करी अळी २०१८ मध्ये भारतात प्रथम आढळली. मका हे तिचे आवडते पीक असले तरी ती ज्वारीवरही येते. पानांवरील करपा, तांबेरा व विविध ठिपके यांमुळे चाऱ्याची प्रत घटते. चारा थेट जनावरांच्या व दुधावाटे माणसांच्या आहारात येत असल्याने कीटकनाशकांचा वापर टाळण्याकडे कल असतो. वेळेवर पेरणी, बीजप्रक्रिया, थोडे वाढीव बियाणे आणि लवकर कापणी हे उपाय अधिक योग्य ठरतात. फवारणी केल्यास औषधाचा ठरावीक प्रतीक्षाकाळ संपेपर्यंत चारा कापला जात नाही.

भारतातील वाण

हिसार येथील हरियाणा कृषी विद्यापीठाचा एसएसजी ५९-३ (मीठी सुदान) हा बहुकापणीचा सरळ वाण उत्तर भारतात दीर्घकाळ लोकप्रिय आहे. सीएसएच २० एमएफ व सीएसएच २४ एमएफ हे बहुकापणी संकर पंतनगर येथील कृषी विद्यापीठाने विकसित केले. त्यांच्या नावातील ‘एमएफ’ ही अक्षरे बहुकापणी चारा दर्शवतात. कोइंबतूर येथील तमिळनाडू कृषी विद्यापीठाचा सीओएफएस २९ हा वाण ज्वारी व सुदान गवत यांच्या संकरातून निवडलेला आहे. राष्ट्रीय पातळीवर हैदराबाद येथील भारतीय भरडधान्य संशोधन संस्था आणि झाशी येथील भारतीय गवताळ प्रदेश व चारा संशोधन संस्था या पिकांवर संशोधन करतात. याखेरीज अनेक खासगी कंपन्यांचे संकर बाजारात आहेत.

महाराष्ट्रातील संदर्भ

महाराष्ट्र हे भारतातील प्रमुख ज्वारी उत्पादक राज्य असून मालदांडीसारख्या रब्बी वाणांचा कडबा हा अवर्षणप्रवण जिल्ह्यांतील पशुधनाचा पारंपरिक आधार राहिला आहे. गेल्या काही दशकांत ज्वारीखालील क्षेत्र घटल्याने कडब्याची उपलब्धताही कमी झाली. २०१२-१३ आणि २०१८-१९ च्या दुष्काळांत मराठवाडा व पश्चिम महाराष्ट्रात मोठ्या प्रमाणावर चारा छावण्या उघडाव्या लागल्या आणि उसासारख्या पिकाचाही चारा म्हणून वापर झाला. अशा भागात बहुकापणी ज्वारी ही संकरित नेपियर व मका यांना पर्याय ठरू शकते. नेपियर बहुवर्षीय असून त्याला वर्षभर पाणी लागते. मका एकदाच कापता येतो व पाण्याचा ताण सहन करत नाही. तथापि ज्या ताणाच्या काळात या पिकाची सर्वाधिक गरज भासते, त्याच काळात त्यातील विषारी घटकही वाढलेले असतात. म्हणून पावसाळ्यात चांगल्या वाढलेल्या पिकाचा मुरघास करून तो टंचाईसाठी राखून ठेवणे हा अधिक सुरक्षित मार्ग मानला जातो.

इतर उपयोग व मर्यादा

अमेरिकेत भाजीपाला पिकांच्या फेरपालटीत हे पीक आच्छादन व हिरवळीचे खत म्हणून घेतात. त्याची मुळे घट्ट झालेली जमीन भुसभुशीत करतात. मुळांतून स्रवणारे सॉर्गोलिओन हे द्रव्य अनेक तणांची वाढ रोखते आणि पिकाचे अवशेष काही सूत्रकृमींची संख्या कमी करतात. याच गुणामुळे त्यानंतर लगेच पेरलेल्या बारीक बियांच्या पिकांची उगवण कमी होऊ शकते. तसेच निबर अवशेष कुजताना जमिनीतील नत्र तात्पुरते अडकून राहते. हे पीक जमिनीतून मोठ्या प्रमाणावर अन्नद्रव्ये उचलते आणि चाऱ्याच्या रूपाने ती सर्व शेताबाहेर जातात. त्यामुळे गोठ्यातील शेणखत त्याच शेतात परत घालणे आणि पुढील हंगामात द्विदल पीक घेणे जमिनीच्या सुपीकतेसाठी आवश्यक ठरते.